इलखानी नाणं कसं वाचावं

१२५८ मध्ये मंगोल सरदार हुलागूनं बगदाद पाडलं, पण त्याचे वारस, म्हणजे इराणवर राज्य करणारे इलखान, मुस्लिम प्रजेवर कसे राज्य करत होते ते त्यांची नाणीच उत्तम सांगतात.

आधी लिपी बघा. अरबीसोबत उभ्या ओळींत उइघुर लिपीतला मंगोल मजकूर असेल, तर नाणं बहुधा हुलागूचा मुलगा अबाका (१२६५–८२) किंवा त्यानंतरचं.

मग साल. ते शब्दांत असतं आणि एकक आधी येतो: चार, नव्वद, सहाशे म्हणजे हिजरी ६९४. खरी फसगत इथंच होते. नुक्ते (अक्षरांचे ठिपके) नसले की अरबी ‘सब्अ’ (७) आणि ‘तिस्अ’ (९) जवळपास सारखेच दिसतात, सत्तर-नव्वदचंही तेच. म्हणून साल राजाच्या नावाशी ताडूनच ठरवा: अबाका असेल तर सत्तर, गाझान असेल तर नव्वद.

इसवी सनासाठी हिजरीला ०.९७ नं गुणून ६२२ मिळवा: ६९४ म्हणजे १२९५, गाझाननं इस्लाम स्वीकारला ते वर्ष. नुसते ६२२ मिळवलेत तर १३१६ येईल. तोवर गाझान जाऊन बारा वर्षं झाली होती!

गाझाननंतर आलेल्या त्याच्या भावाच्या, उल्जायतूच्या नाण्यावर बारा इमामांची नावं दिसली, तर ते तो शिया झाल्यानंतरचं.