दीर्घिकांच्या जन्माविषयीची स्वतःची कल्पना कशी तपासावी

नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रातील तारांगण पाहून दीर्घिकांच्या जन्माविषयी स्वतःची उपपत्ती सुचली, तर ती आधी एका आकड्याशी ताडून पाहावी: महास्फोटानंतर सुमारे 3,80,000 वर्षांनी मुक्त झालेल्या वैश्विक पार्श्वप्रारणाच्या, म्हणजे सर्व दिशांनी येणाऱ्या विश्वातील सर्वांत जुन्या प्रकाशाच्या, तापमानात दिशेनुसार जेमतेम लाखात एक भाग एवढाच फरक आढळतो, म्हणजे तेव्हा द्रव्याच्या घनतेतील चढउतारही तितकेच लहान होते. तेव्हापासून विश्व सुमारे 1,100 पट प्रसरण पावले आणि साध्या द्रव्याच्या घनतेतील लहान चढउतार फार तर त्याच पटीने वाढू शकतात. म्हणजे ते एक टक्क्याच्या आसपास अडतात आणि दीर्घिका घडतच नाहीत. बहुतेक हौशी कल्पना इथेच गळतात. प्रचलित सिद्धांतात ही तूट कृष्णद्रव्य, म्हणजे प्रकाश न देणारे आणि केवळ गुरुत्वाकर्षणाने जाणवणारे द्रव्य, भरून काढते; आपल्या कल्पनेत ती त्याविना कशी भरून निघते, हे गणितानेच दाखवावे. पुढे, एकमेकींपासून सुमारे 50 कोटी प्रकाशवर्षांच्या अंतरावर असलेल्या दीर्घिकांच्या जोड्या किंचित अधिक का आढळतात, याचेही उत्तर त्याच गणितातून काढावे.