एक तारखेची बिलं वेगळी काढा

दुकानाच्या बिलांमधून कुठल्या वस्तू एकत्र विकल्या जातात ते शोधायचं, तर सपोर्ट (जोडी किती बिलांत येते), कॉन्फिडन्स (एक वस्तू घेणाऱ्यांपैकी किती जण दुसरीही घेतात), लिफ्ट (जोडी निव्वळ योगायोगाने जितकी यावी त्याच्या किती पट येते) यांच्या व्याख्या तुम्हाला येत असतील असं धरून चालते. येत नसतील तर एका दुपारचं काम आहे, त्याला कोर्स लावू नका. मी लिहितेय ते पहिल्या नोकरीतल्या माझ्या फजितीबद्दल. तिला बरीच वर्षं झाली, पण फिनेलची बाटली दिसली की अजून कानकोंडं होतं.

एम.एस्सी. झाल्यावर तीन शाखा असलेल्या एका किराणा दुकानाच्या ऑफिसात लागले. बिलं चाळायची आणि कशावर स्कीम लावायची ते शेठना सांगायचं, हे काम. आठ महिन्यांची बिलं घेतली, एप्रायोरी ("हे घेणारा तेही घेतो" असे नियम बिलांतून शोधणारी पद्धत) चालवलं, नियम लिफ्टप्रमाणे उतरत्या क्रमाने लावले. वरच हळद आणि फिनेल. लिफ्ट जवळजवळ चार! दोन रात्री बसून छान स्लाइड केल्या. शेठ म्हणाले, "हळद नि फिनेल? बघा बुवा, तुम्ही शिकलेल्या."

पाव किलो हळदीवर फिनेल निम्म्या किमतीत, अशी पाटी लागली. दोन आठवड्यांनी हिशेब केला तर फिनेल जेवढं खपायचं तेवढंच खपलं होतं, फक्त स्वस्तात.

कारण मला काउंटरवरच्या ताईंनी दाखवलं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली संध्याकाळ होती. मशीनमधून हातभर लांब बिल निघालं, ते त्यांनी माझ्यासमोर धरलं. तांदूळ, तूरडाळ, तेलाचा डबा, हळद, साबण, फिनेल, अगरबत्ती. "अहो मॅडम, हे महिन्याचं सामान. यात सगळंच असतं."

इथे थांबा आणि कागद-पेन घ्या, कारण नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही. माझ्या तरी बसलं नव्हतं. समजा 1000 बिलं आहेत: 200 महिन्याच्या सामानाची, 800 किरकोळ. मोठ्या 200 पैकी 100 मध्ये हळद, 80 मध्ये फिनेल, दोन्ही 40 मध्ये. किरकोळ 800 पैकी 16 मध्ये हळद, 8 मध्ये फिनेल, दोन्ही एकातही नाही. सगळं एकत्र केलं की हळद 116, फिनेल 88, दोन्ही 40. एकमेकांशी काही संबंध नसता तर दोन्ही साधारण 10 बिलांत आली असती. आली 40 मध्ये, म्हणून लिफ्ट 3.9. आता फक्त मोठी बिलं बघा. निम्म्यांत हळद, 40 टक्क्यांत फिनेल. संबंध नसताना दोन्ही 20 टक्क्यांत यायला हवीत. 200 चे 20 टक्के म्हणजे 40. तितकीच आहेत. लिफ्ट बरोबर 1.

म्हणजे हळदीचा फिनेलशी काडीचाही संबंध नव्हता. दोघांचाही संबंध पगाराशी होता. लांब बिलात कुठल्याही दोन वस्तू शेजारी येतात आणि लिफ्ट फुगते. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातही हेच होतं: पातळ पोहे, डाळं आणि उटणं एका बिलात दिसतात म्हणून चिवड्यावर उटणं फुकट द्यायचं नसतं.

म्हणून आधी एका बिलात किती ओळी आहेत त्याचा आलेख काढा. बहुतेक किराणा दुकानांत दोन उंचवटे दिसतील. मधल्या दरीत रेघ मारा, दोन्ही बाजूंचे नियम वेगवेगळे काढा. जी जोडी दोन्हीकडे टिकते तिच्याकडेच वळून बघा. कुठलाही शॉर्टकट घ्या, हा टप्पा गाळू नका. सराव म्हणून सगळे जो यूसीआयचा (कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाच्या खुल्या संग्रहातला) ऑनलाइन रिटेल डेटा घेतात (2010-11 चा, 5,41,909 ओळी), त्यातही हाच खड्डा आहे. त्या ब्रिटिश दुकानाचे बरेच ग्राहक घाऊक व्यापारी होते, त्यामुळे काही बिलं मारुतीच्या शेपटीसारखी लांब आहेत. नेटवर मिळणाऱ्या तयार नोटबुकांत (कोडच्या वह्यांत) 'सी' ने सुरू होणारी रद्द बिलं इमानदारीत काढतात, लांब बिलांना मात्र कुणी हात लावत नाही. मीही तसंच एक नोटबुक उचललं होतं.

बाकीची साफसफाई तुम्हाला जमेल: कॅरी बॅग काढा, परत आलेला माल काढा, एकाच टूथपेस्टचे चार आकार एका नावाखाली आणा. स्कीममध्ये फुकट दिलेली वस्तू शून्य रुपयांनी बिलावर छापून येते, तीही काढा. नाहीतर तुमचीच जुनी स्कीम नवा शोध म्हणून हाती येईल.

माझ्या सीनिअरांचा सल्ला एकच असायचा, "सपोर्ट कमी कर, नियम वाढतील." वाढलेही. असा गुरू भेटला तर नमस्कार करा आणि दोन दिवस काउंटरवर जाऊन बसा. बिअर आणि डायपर एकत्र विकले जातात हे बिलांतून कळलं, दुकानाने ते शेजारी मांडले आणि खप वाढला, ही गोष्ट सांगून शिकवायला सुरुवात करणाऱ्यांपासूनही जरा जपून. 1992 मध्ये टेराडेटा या डेटाचं काम करणाऱ्या कंपनीच्या लोकांनी ऑस्को ड्रग या अमेरिकी दुकानांची बिलं तपासली, तेव्हा संध्याकाळी पाच ते सात दरम्यान ती जोडी दिसली, एवढं खरं. पण त्या दुकानांनी दोन्ही वस्तू शेजारी मांडल्याच नव्हत्या. खप वाढल्याचा भाग लोकांनी मागाहून चिकटवला.

घाबरू नका मात्र. माझी नोकरी गेली नाही. शेठ दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी चहा पाठवला.

पुढच्या खेपेला फक्त किरकोळ बिलं घेतली. साबुदाणा आणि शेंगदाणे वर आले, ते ताईंना माझ्याआधीच ठाऊक होतं. मी उलटं बघितलं: साबुदाणा आहे पण दाणे नाहीत, अशी बिलं किती? बरीच निघाली. सवलत न देता एका शाखेत साबुदाण्याच्या रॅकवर दाण्याच्या कुटाची छोटी पाकिटं ठेवली, दुसरीत नेहमीच्या जागीच राहू दिली. आषाढी एकादशीच्या आठवड्यात पहिल्या शाखेत कूट भराभर संपलं. शेठ खूश. मी दुसऱ्या शाखेचा आकडा काढला तर खप तिथेही वाढला होता, थोडा कमी इतकंच. शेठना तो कागद दाखवला. ते म्हणाले, "अहो, आनंद तरी होऊ द्या." मी श्रावण संपेपर्यंत पाकिटं तशीच ठेवायची परवानगी मागून घेतली.