जुन्या पिकअपचं बॉनेट आणि रेडिएटर जुळवताना

रिस्टोरेशन, म्हणजे जुन्या गाड्या मूळ रूपात आणणं, शिकायला आलेली बरीच मुलं बॉनेटची फट वाकडी दिसली की आधी बॉनेटलाच हात घालतात. कड ठोकून बघतात, बिजागरी वाकवतात. फोर्डच्या मॉडेल ए पिकअपवर (१९२८ ते १९३१) हे करून हाती काहीच लागत नाही. तिचं बॉनेट म्हणजे लांब बिजागऱ्यांनी जोडलेले पत्र्याचे चार भाग. मागची कड काऊलवर (समोरच्या काचेपुढचा बॉडीचा भाग) टेकते, पुढची रेडिएटरच्या शेलवर (त्याच्याभोवतीचं पत्र्याचं आवरण). त्यामुळे फट वाकडी दिसली, तर मी आधी रेडिएटर आणि केबिन कुठे बसलेत ते तपासतो.

सुट्या भागांचं काही शिकायच्या आधी एक बघून घ्या. १९२८-२९ आणि १९३०-३१ च्या गाड्या दिसायला जवळच्या असल्या तरी नंतरच्या गाड्यांचा रेडिएटर उंच आहे आणि बॉनेटही वेगळं. अनेक हातांतून गेलेल्या गाडीत दोन्हींची सरमिसळ सापडते. ती जुळणी कितीही पॅकिंग (उंची भरून काढायच्या चकत्या) घातलं तरी होणार नाही.

काम मागून पुढे करायचं. पण त्याआधी गाडी चाकांवर उभी हवी आणि इंजिन, गिअरबॉक्स जागेवर हवेत. नुसती चॅसी मधोमध टेकू देऊन उभी केली, तर तिचा तेव्हाचा आकार इंजिनाच्या वजनाखाली तसाच राहत नाही. आज जुळवलेली फट मग इंजिन बसल्यावर हलते. चॅसीला दोन्ही बाजूंनी दोरा लावून ती कुठे खचली आहे का, तेही याच वेळी पाहावं. पुढचा क्रॉसमेंबर (चॅसीचा आडवा दांडा) खचलेला असेल तर रेडिएटर सरळ बसण्याची आशा सोडा, आधी तो दुरुस्त करा.

मग केबिन. केबिन आणि चॅसी यांच्यामधल्या पॅकिंगने आधी दरवाजे जुळवून घ्या. हा क्रम का, ते केबिनच्या पुढच्या बोल्टखाली एक पातळ पॅकिंग सरकवून बघितलं की कळतं: काऊलचा वरचा भाग मागे झुकतो, बॉनेटची वरची फट वाढते आणि त्याच वेळी दरवाजाची फटही बदलते. बॉनेट आधी जुळवलं तर दरवाजे लावताना ते पुन्हा बिघडतं. केबिन एकदा ठरली की तिच्या पॅकिंगला हात लावायचा नाही. पुढचं बहुतेक सगळं रेडिएटरने भागवायचं.

रेडिएटर क्रॉसमेंबरवर दोन बोल्टांनी बसतो. वर पॅड, खाली स्प्रिंग आणि स्प्लिट पिन घालायचा खाचांचा नट. ही स्प्रिंग मला या गाडीतली सगळ्यात समजूतदार रचना वाटते. रस्त्यावर चॅसी पिळते, पण ती पीळ रेडिएटरपर्यंत पोचत नाही. नवशिके पाना लावून नट असा आवळतात की स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात. मग पीळ थेट रेडिएटरला बसते, डाखाचे सांधे उकलतात आणि पाणी गळायला लागतं. स्प्रिंग थोडीच दाबली जाईल इतकंच आवळा, खाच जुळवा, पिन घाला.

फायरवॉलपासून (इंजिन आणि केबिन यांच्यामधली भिंत) रेडिएटरच्या माथ्यापर्यंत दोन सळ्या जातात. त्यांची लांबी कमी केली की माथा मागे येतो आणि वरची फट कमी होते. खालची जवळपास तशीच राहते. त्यामुळे फट कुठे बिघडली आहे यावरून उपाय कळतो. फक्त वर जास्त असेल तर सळ्या. वर-खाली सारखीच जास्त असेल तर केबिन चॅसीवर मागे बसली आहे. बोल्टच्या भोकांत असलेल्या जागेपुरती ती पुढे घ्या. एकाच बाजूचा कोपरा अडत असेल, तर रेडिएटरच्या त्या बाजूच्या पॅडखालचं पॅकिंग बघा. सळ्यांनी रेडिएटर जोर लावून ओढायचा नाही, त्यांचं काम धरून ठेवणं एवढंच.

फट किती? मी एक सूत धरतो, म्हणजे साधारण ३ मिलिमीटर. पण काऊल आणि शेलच्या कडेवर विणलेली पट्टी असते, बॉनेट त्या पट्टीवरच टेकतं. जुळवाजुळव करताना ती लावलेली असायलाच हवी, किंवा निदान तेवढ्याच जाडीचं काहीतरी. रंगाचा थरही धरा. सगळं जुळवणं रंगाआधी करून, भाग काढून, मग रंगवायला द्यावे. जुन्या गाडीच्या काऊलवर बॉनेटच्या मागच्या कोपऱ्याने घासलेला चंद्रकोरीसारखा उघडा पत्रा तुम्ही पाहिला असेल. तो कोपरा चॅसी पिळल्यावर दर वेळी तिथेच आपटत आलेला असतो.

माथा मागे आणला की रेडिएटर पंख्याजवळ येतो, हे विसरू नका. इंजिन बंद ठेवून पंखा हाताने पूर्ण फिरवा आणि प्रत्येक पातं जाळीपासून किती लांब जातंय ते पाहा. अंतर कमी वाटलं, तर इंजिनाचे माउंट खचलेत का तेही तपासा. मूळचा दोन पात्यांचा पंखा असेल, तर पाती मुळाशी नीट पुसून बारीक तडा शोधा. तडा असलेला पंखा एक फेरीसुद्धा चालवू नका.

गाडी थोडी चालवून झाली की पॅड दबून बसतात. तेव्हा सळ्यांचे नट आणि खालच्या पिना पुन्हा एकदा बघून घ्या, आणि फट चारही कोपऱ्यांत मोजून लिहून ठेवा.