मान खाली घालून बसायचे दिवस: डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशननंतर

पडद्याला भोक पडलंय, ऑपरेशन करून डोळ्यात गॅस भरावा लागेल आणि नंतर काही दिवस पालथं राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात पहिला प्रश्न येतो, "पालथं म्हणजे किती वेळ?" उत्तर असतं, "जवळजवळ सगळाच वेळ." झोपताना, जेवताना, बसताना, चालताना तोंड जमिनीकडे. ऐकूनच माणूस हबकतो. मी वाईत शिवणाचे क्लास घेते. आयुष्य मशीनवर मान खाली घालण्यात गेलं, तरी माझ्या डोळ्याचं असं सांगितलं, त्या दिवशी मलाही जेवण गेलं नाही. पण हे दिवस आधीपासून आखून ठेवले तर बरे जातात, हसतखेळतही जातात. आणि ते तसे जाणं गरजेचं आहे, कारण कंटाळलेली मान वर उठते. ऑपरेशन डॉक्टर करतात, त्याच्या पुढचं काम आपल्या मानेवर असतं.

मान खाली कशासाठी, ते आधी समजून घ्या. डोळ्याच्या आत पारदर्शक जेली असते. वय वाढतं तशी ती आकसते आणि मागच्या पडद्यापासून सुटते. बहुतेकांची बिनबोभाट सुटते. काहींची मात्र पडद्याच्या बरोबर मध्यभागी चिकटून राहते. हीच ती जागा, जिच्याने आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, समोरच्याचा चेहरा ओळखतो. तिथे ओढ बसून बारीक भोक पडतं, त्याला मॅक्युलर होल म्हणतात. सरळ टीप वाकडी दिसायला लागते, वाचताना शब्दातलं मधलंच अक्षर गायब होतं. पूर्वी यावर इलाज नव्हता. 1991 साली नील केली आणि रॉबर्ट वेंडेल या दोन अमेरिकी डॉक्टरांनी दाखवून दिलं की जेली काढून टाकली, आत गॅस भरला आणि पेशंटला पालथं ठेवलं तर भोक बुजू शकतं. आता दहातली नऊच्या आसपास भोकं पहिल्याच ऑपरेशनात बुजतात.

गॅस हलका, तो कायम वर जाणार. आपण तोंड खाली केलं की डोळ्याचा मागचा पडदा सगळ्यात वर येतो आणि बुडबुडा नेमका भोकावर जाऊन टेकतो. आपण छताकडे बघत आडवे झालो तर तोच बुडबुडा पुढे येऊन डोळ्याच्या भिंगाला लागतो. म्हणून पाठीवर झोपायचं नाही, अगदी पाच मिनिटं पाठ टेकतो म्हणूनसुद्धा नाही. किती दिवस पालथं राहायचं, हे भोकाच्या आकारावर आणि तुमच्या डॉक्टरांच्या पद्धतीवर ठरतं. कुणाला तीन दिवस, कुणाला आठवडा. शेजारच्या काकूंचे दिवस आपल्याला लावू नका.

ऑपरेशनची तारीख मिळाली की तयारीला लागा. सगळ्यात आधी उशी. विकतही मिळते, पण मी घरीच शिवली. घागरीखाली डोक्यावर घेतात तशी चुंबळ, फक्त मोठी. मऊ झालेल्या सुती साडीचं कापड, आत कापूस. मधलं भोक एवढं ठेवायचं की कपाळ आणि गाल टेकतील, पण दोन्ही डोळे, नाक आणि तोंड मोकळं राहील. हनुवटीकडे चार बोटं जागा उघडी सोडायची, म्हणजे श्वास कोंडत नाही. कापूस ठासून भरा. सैल भरला तर रात्रीतून बसतो आणि ऑपरेशन झालेला डोळा उशीला घासतो, ते अजिबात चालणार नाही. शिवण बाहेरच्या अंगाला घ्या, नाहीतर सकाळी गालावर वळ. खोळी दोन-तीन हव्यात, कारण पालथं झोपल्यावर नाक-तोंड गळतं आणि खोळ रोज बदलावी लागते.

दुसरी वस्तू गाऊन. झोपेत कुशी बदलता बदलता माणूस पाठीवर कधी जातो, त्यालाही कळत नाही. म्हणून गाऊनच्या पाठीवर मधोमध एक खिसा शिवला आणि त्यात नातवाचा टेनिसचा चेंडू घातला. पाठीवर वळायला गेलं की चेंडू टोचतो, जाग येते, माणूस पुन्हा पालथा. नातू रोज सकाळी विचारायचा, "आजी, आज चेंडूने किती वेळा आउट केलं?" त्यावर घरात धावफलक सुरू झाला. चेंडूला एकही विकेट मिळाली नाही, त्या सकाळी आमच्याकडे शिरा झाला.

बसण्यासाठी टेबल आणि त्यावर दोन उशा, कपाळ टेकायला. उंची आधी बसून बघा. फार खाली असेल तर कंबर जाते, फार वर असेल तर मान. कोपरांखाली घडी घातलेली गोधडी हवीच, कारण सगळा भार कोपरांवर येतो आणि मग हाताची शेवटची दोन बोटं बधिर होतात. ऑपरेशनच्या आधी रोज अर्धा तास असं बसायची सवय केली की प्रत्यक्षात जड जात नाही.

राहायचं कुठे, हेही आधी ठरवा, आणि हा मुद्दा हलक्यात घेऊ नका. डोळ्यात गॅस असेपर्यंत विमान नाही आणि घाट नाही. उंचावर हवेचा दाब कमी होतो, गॅस फुगतो, डोळ्यातला दाब एकदम वाढतो आणि नजर जाऊ शकते. माझं ऑपरेशन पुण्यात, घर वाईला, आणि मध्ये खंबाटकीचा घाट. डॉक्टरांनी विचारलं, "काकू, पुण्यात कोण आहे?" धाकटी बहीण होती. मग बुडबुडा जिरेपर्यंत तिच्याकडेच मुक्काम. पाचगणीची भाची म्हणाली, मावशी, माझ्याकडे ये, हवा छान आहे. तिला समजावलं की हवाच नकोय मला! गॅसचे प्रकारही वेगवेगळे असतात. एक प्रकार दोन-तीन आठवड्यांत जिरतो, दुसऱ्याला दीड-दोन महिने लागतात. आपल्या डोळ्यात कोणता भरलाय, हे विचारून कागदावर लिहून घ्या. काही ठिकाणी डोळ्यात गॅस असल्याची सूचना लिहिलेली पट्टी मनगटावर बांधतात, ती काढू नका. मध्येच दुसरं काही ऑपरेशन किंवा दाताचं काम निघालं तर त्या डॉक्टरांना आधी सांगायचं की डोळ्यात गॅस आहे, कारण भूल देताना वापरतात तो नायट्रस ऑक्साइड अशा डोळ्याला घातक असतो.

आता रोजचा दिवस. मला सांगितलं होतं, तासातली पन्नास मिनिटं मान खाली, दहा मिनिटं सुट्टी. सगळा दिवस एकदम डोळ्यापुढे आणू नका, समोरचा तास तेवढा बघा. शाळेसारखं वेळापत्रक करा. एक तास रेडिओचा, एक तास भेंड्यांचा, एक तास नुसता डुलकीचा. घरचं कुणीतरी घंटा द्यायला ठेवा. आमचे हे ताटावर चमचा वाजवून मधली सुट्टी जाहीर करायचे. सुट्टीतच चहा, सुट्टीतच डोळ्यात थेंब, सुट्टीतच खांदे सैल सोडायचे. पावलं मात्र दर तासाला हलवा, आणि मान खालीच ठेवून घरातल्या घरात चाला, नाहीतर पाय सुजतात. खांद्यांवर गरम पाण्याची पिशवी ठेवली की फार बरं वाटतं.

जेवण मांडीशी उंच वाटीत किंवा बुटक्या स्टुलावर. वरणभात, खिचडी, कुस्करलेली पोळी, थालीपीठाचे तुकडे, म्हणजे चमच्याने किंवा दोन बोटांनी उचलता येईल असं काहीही. पाणी आणि ताक नळीने. चहा कोमट करून घ्या. कागदी नळीचा गरम चहात लगदा होतो, त्यापेक्षा सिलिकॉनची आणा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्याने डोळ्यावर ताण येतो. पपई, भरपूर पाणी, आणि डॉक्टरांना विचारून रात्री इसबगोल. घरात मिरचीची फोडणी घालताना स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायला सांगा. आणि डोक्यावरून अंघोळ परवानगी मिळेपर्यंत नाही. केस सारखे तोंडावर येतात, म्हणून नातीने माझ्या दोन वेण्या घालून वर लाल रिबिनी बांधल्या. तो फोटो अजून आमच्या घरच्या ग्रुपवर फिरतो आणि मला तो मनापासून आवडतो.

थेंबांचा घोळ सगळ्यांच्याच घरी होतो, कारण बाटल्या सारख्याच दिसतात आणि लेबलं बारीक अक्षरांत. मी प्रत्येक बाटलीच्या मानेला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला आणि दिवसातून जितक्या वेळा घालायचं, तितक्या गाठी मारल्या. लाल दोरा सहा गाठी, हिरवा चार, पिवळा दोन. दिवा नसला तरी बोटांना कळतं. डोस कमी झाला की एक गाठ कापून टाकायची, आणि ती कापताना काय आनंद होतो! स्टेरॉइडची दुधाळ बाटली हलवून घ्या. हात साबणाने धुवा, खालची पापणी हलकेच ओढा, एकच थेंब, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर हलका दाबा. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. मलम असेल तर सगळ्यांत शेवटी.

भेटायला येणाऱ्यांबद्दल माझं मत ठाम आहे. त्यांना खुर्ची देऊ नका, सतरंजी द्या. खुर्चीतल्या माणसाची आपल्याला फक्त पावलं दिसतात आणि पावलांशी किती बोलणार? माणूस खाली बसला की तोंड दिसतं. माझा नातू तर टेबलाखाली उताणा झोपायचा आणि खालून वर मला चित्रं दाखवायचा, गोष्टी वाचायचा. तो छताकडे, मी जमिनीकडे, आणि मध्ये वीतभर अंतर. त्याचा पडलेला दात मी पहिल्यांदा तिथेच पाहिला. आणि ज्यांना कुणाचा डोळा कसा गेला याच्याच हकिकती येतात, त्यांना घरच्यांनी दारातूनच चहा पाजून पाठवावं. बहिणीने हे काम फार गोडीने केलं.

ऑपरेशन झालेल्या डोळ्याने सुरुवातीला उजेड-अंधार आणि हलणारा हात, एवढंच दिसतं. घाबरू नका, आपण बुडबुड्यातून बघत असतो. माझ्या डोळ्याला तोंडाजवळ आणलेलं बोट तेवढं स्पष्ट दिसायचं, ठशाच्या रेषासुद्धा. गॅस जिरायला लागला की नजरेच्या वरच्या बाजूला एक रेघ दिसते. तिच्यावरचं जग नितळ, खालचं धूसर. गवंड्याच्या पाणसळीतल्या पाण्यासारखी ती मान वाकवली तरी आडवीच राहते. दिवसागणिक खाली उतरते, मग नजरेच्या तळाशी एक गोल बुडबुडा उरतो, कधी त्याची दोन-तीन पिल्लं होतात, आणि एका सकाळी काहीच नसतं. आम्ही रोज संध्याकाळी एका डोळ्याने दाराची चौकट बघून रेघ कुठवर आली, ते वहीत मांडत असू.

थोडी लाली, खुपल्यासारखं वाटणं, सकाळी पापण्या सुजणं चालतं. पण दुखणं वाढत गेलं, दुखण्याबरोबर उलटी झाली, लाली वाढली, पू आला, दिसत होतं ते एकदम कमी झालं, विजा चमकल्या किंवा कडेने काळा पडदा सरकतोय असं वाटलं, तर उद्यावर ढकलू नका. रात्र असली तरी त्याच वेळी डॉक्टरांना फोन करा.

मान वर करायची परवानगी मिळाली म्हणजे काम संपलं नाही. गॅस आहे तोवर पाठीवर झोपणं आणि घाट बंदच. जिन्यावर कठडा धरा, एका डोळ्याने पायरीचा अंदाज चुकतो, पाणी ओततानाही पेल्याला भांडं टेकवून ओता. नजर महिनोन्‌महिने सुधारत राहते, म्हणून चष्म्याचा नंबर काढायची घाई करू नका, दोन-तीन महिन्यांनी डॉक्टर सांगतील तेव्हा काढा. शिवणाऱ्या बायांनी आधी गाद्यांच्या खोळी, सरळ टिपा घ्याव्यात. काज-बटण आणि काळ्या कापडावरची काळी टीप सगळ्यांत शेवटी.

दुसऱ्या डोळ्यावरही लक्ष हवं, कारण त्यालाही असं भोक पडू शकतं. आठवड्यातून एकदा चौकटीच्या वहीचं, मधोमध ठिपका काढलेलं पान समोर धरा, वाचायचा चष्मा लावा, एक डोळा झाका आणि मधल्या ठिपक्याकडे बघा. चौकटी वाकड्या किंवा पुसट दिसल्या तर लगेच दाखवा.

आणि एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. या ऑपरेशननंतर पन्नाशी-साठीच्या पुढच्या बहुतेकांना वर्षा-दोन वर्षांत त्या डोळ्यात मोतीबिंदू येतो. नजर पुन्हा धुरकट झाली म्हणून भोक उघडलं असं समजून रडत बसू नका, तपासून घ्या. मोतीबिंदू निघाला तर त्याचं ऑपरेशन करून घ्या. त्यात पालथं झोपावं लागत नाही.