भट्टीतल्या धातूला वायू खातो: या चुका टाळा

३१० या उष्णता सोसणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या तक्त्यात कमाल तापमान म्हणून ११५० अंश सेल्सिअस छापलेलं असतं आणि नवा माणूस तेवढंच वाचतो. तो आकडा हवेतला, सलग तापमानाचा. भट्टी रोज तापवून निववायची असेल तर मर्यादा १०३५ च्या आसपास येते, कारण दर खेपेला क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा सुटतो आणि धातू पुन्हा उघडा पडतो. धातू टिकतो तो याच पापुद्र्यामुळे. म्हणून मी आधी विचारतो, आत वायू कोणता आहे?

सगळ्यात जास्त सामान मी गंधकाने गेलेलं पाहिलंय. एकदा निकेल मिश्रधातूची नवीकोरी जाळीची टोपली हायड्रोजनच्या भट्टीत ९०० अंशांवर चालवली. पोरांनी ती धुतली नव्हती. ‘तेल काय, पहिल्याच तापात जळून जाईल.’ तेल गेलं, त्यातलं गंधक धातूत शिरलं. काही खेपांतच टोपली उचलताना तारा बिस्किटासारख्या तुटल्या, तुटलेली टोकं राखाडी आणि खरखरीत. निकेल आणि त्याचं सल्फाइड यांचं मिश्रण ६४० अंशांच्या आसपासच वितळतं आणि कणांच्या सीमांमधून आत झिरपतं. धातू स्वतः १३०० च्या वर वितळत असला तरी त्याचा इथे काही उपयोग नाही. तेव्हापासून नवा तुकडा आधी साबणाच्या पाण्याने, मग सॉल्व्हंटने धुतल्याशिवाय मी आत जाऊ देत नाही. खडूने किंवा मार्करने खुणाही करू देत नाही.

दुसरी चूक थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या दोन धातूंच्या वायरींच्या जोडीची. त्यातला के टाइप हा प्रकार ८०० ते १०५० अंशांत, बंद नळीत, ऑक्सिजन अगदी कमी असताना ठेवला की वायरीतलं क्रोमियम तेवढं खाल्लं जातं आणि ती हिरवट होते. मग रीडिंग कमी येतं, कंट्रोलर आणखी करंट सोडतो आणि आतला माल करपतो. मी एन टाइप हा दुसरा प्रकार वापरतो आणि अधूनमधून शेजारी कोरा थर्मोकपल घालून ताडून पाहतो. कंट्रोलरवरचा आकडा स्थिर दिसतो म्हणून तो बरोबर आहे असं धरू नका.

मॉलिब्डेनम तापलेला असताना हवा आत येऊ देऊ नका, त्याचा ऑक्साइड वाफ होऊन उडून जातो. क्लोरीनमध्ये पापुद्र्यावर भिस्त ठेवू नका, लोखंडाचं क्लोराइडही उडतं.

काळा थर, म्हणजे तोच राखणारा पापुद्रा, घासून धातू चकचकीत करणाऱ्यांना मी लगेच थांबवतो. भट्टी तापवणाऱ्या लोह-क्रोमियम-ॲल्युमिनियमच्या कॉइलला तर हायड्रोजन दाखवण्याआधी कोरड्या हवेत १०५० अंशांवर ७ ते १० तास ठेवून मी असा राखणारा ऑक्साइडचा थर मुद्दाम चढवतो. अख्खी पाळी त्यात जाते, आणि तिथेच सगळ्यांची घाई सुरू होते.