अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडसाठी कच्चा माल कसा ठरवायचा: तळोजा आणि टीटीसीतल्या प्लान्टसाठी

तळोज्यात किंवा टीटीसीत (नवी मुंबईतला ठाणे खाडीकाठचा औद्योगिक पट्टा) अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड बनवायचा विषय निघाला की चर्चा मिथेनॉलच्या भावापासून सुरू होते. ते चुकीचं टोक आहे. मिथेनॉल न्हावाशेवाच्या बाजूच्या टँक फार्मवरून टँकर लावून उचलता येतं. अडतं ते मिथेनॉलशी जोडायच्या कार्बन मोनॉक्साइड वायूपाशी, कारण तो टँकरने येत नाही. आधी त्याची सोय कशी होणार ते पाहा, भावाची तुलना त्यानंतर.

टनामागचा हिशेब

एक टन अ‍ॅसिडला कागदावर ५३३ किलो मिथेनॉल आणि ४६७ किलो कार्बन मोनॉक्साइड लागतो. ऱ्होडियम कॅटॅलिस्टच्या जुन्या पद्धतीत मिथेनॉलची निवडकता (वापरलेल्यातला जितका भाग हव्या त्या मालात जातो) ९९ टक्के असते, पण कार्बन मोनॉक्साइडची ९० टक्क्यांच्याच आसपास. म्हणजे प्रत्यक्षात ५४० किलो मिथेनॉल आणि ५२० किलो, म्हणजेच सुमारे ४१५ सामान्य घनमीटर वायू धरावा.

दुसऱ्या, अल्कोहोलच्या मार्गाने (आधी अल्डिहाइड, मग त्याचं ऑक्सिडेशन) कागदावर ७६७ किलो इथेनॉल लागतं. दोन टप्पे मिळून ९० टक्के उतारा धरला तर ८५० किलो, म्हणजे ९५ टक्क्यांचं स्पिरिट साधारण १,१४० लिटर. सी-हेवी मळीच्या (साखर काढून झाल्यावर उरणारी शेवटची मळी) एका टनातून सव्वादोनशे लिटरच्या आसपास अल्कोहोल निघतं. म्हणजे एक टन अ‍ॅसिडमागे पाच टन मळी, हे पक्कं डोक्यात ठेवा.

ब्युटेन किंवा नाफ्थाच्या ऑक्सिडेशनवर वेळ घालवू नका. सोबत फॉर्मिक अ‍ॅसिड, प्रोपिऑनिक अ‍ॅसिड, कीटोन असा गोतावळा निघतो आणि तो विकता आला नाही तर हिशेब बसतच नाही.

मिथेनॉलचा मार्ग: कोणाला परवडतो

बीएएसएफने १९६० मध्ये कोबाल्टच्या कॅटॅलिस्टवर मिथेनॉलचा हा मार्ग जमवला, पण सुमारे २५० अंश आणि ७०० बारच्या घरातल्या दाबाला. मोन्सँटोने १९७० मध्ये ऱ्होडियम आणि मिथाइल आयोडाइड वापरून ते १५०–२०० अंश आणि ३०–६० बारवर आणलं. बीपीने १९९६ मध्ये इरिडियमची कॅटिव्हा पद्धत आणली. रसायन उत्तम आहे, पण त्याचा आकार आपल्या भूखंडात बसत नाही.

रोज १०० टनांचा प्लान्ट घ्या. कार्बन मोनॉक्साइड लागेल ताशी सुमारे १,७३० घनमीटर. ४७ लिटरच्या, १५० बारच्या सिलिंडरमध्ये जेमतेम ७ घनमीटर मावतो, म्हणजे तासाला अडीचशे सिलिंडर! अर्थात वायू जागेवरच बनवावा लागणार. नैसर्गिक वायूचं वाफेने रिफॉर्मिंग केलं तर एका भाग कार्बन मोनॉक्साइडबरोबर तीन भाग हायड्रोजन येतो. त्या हायड्रोजनला शेजारी गिऱ्हाईक नसेल तर तो बर्नरमध्ये जाळायचा, आणि मग गॅसचं बिल अ‍ॅसिडच्या डोक्यावर बसतं. भरूचला जीएनएफसी या खत-रसायन कंपनीचं गणित जुळतं, कारण शेजारीच अमोनिया आणि मिथेनॉल आहे. जगातले नवे प्लान्ट वर्षाला तीन-पाच लाख टनांचे किंवा त्याहून मोठे असतात. आपले १०० टन रोज म्हणजे वर्षाला ३३ हजार.

तरीही कोणी हा प्रकल्प घेऊन आलाच, तर त्याला तीन गोष्टी विचारा. पहिली, वायूत हायड्रोजन किती? तो जास्त असेल तर प्रोपिऑनिक अ‍ॅसिड वाढतं. दुसरी, नायट्रोजन आणि मिथेन किती? ते साचतात, पर्ज (साचलेला वायू बाहेर सोडणं) वाढवावा लागतो, आणि पर्जबरोबर कार्बन मोनॉक्साइडही जातो. तिसरी, रिॲक्टरमध्ये पाणी किती ठेवणार? जुन्या पद्धतीत १४–१५ टक्के पाणी असतं. ते कमी केलं की फ्लॅश टँकमध्ये (दाब उतरवून माल वेगळा करायची टाकी) कार्बन मोनॉक्साइडचा दाब पडतो तिथे ऱ्होडियम आयोडाइड होऊन तळाशी बसतं. पाणी वाढवलं की त्याच्याशी विक्रिया होऊन कार्बन मोनॉक्साइड वाया जातो आणि वाळवणीची वाफ वाढते. लिथियम आयोडाइड किंवा इरिडियम आलं ते या कोंडीतून सुटायला. रिॲक्टर हॅस्टेलॉय बी किंवा झिर्कोनियमचा लागतो. ३१६ एल स्टेनलेस स्टील तिथे टिकत नाही.

अल्कोहोलचा मार्ग: छोट्या प्लान्टला जमणारा

इथेनॉलपासून आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड. तांब्याच्या कॅटॅलिस्टवर २६०–२९० अंशांना हायड्रोजन काढून घ्या, किंवा चांदीवर ५०० अंशांपुढे हवेबरोबर. अ‍ॅसिटाल्डिहाइड साधारण २० अंशांना उकळतं आणि हवेत ४ ते ६० टक्क्यांपर्यंत पेट घेऊ शकतं. मुंबईच्या हवेत ते म्हणजे प्रत्यक्षात दाबाखालचा वायूच. साठा थंड ठेवा, वर नायट्रोजन, आणि जितका लागतो तितकाच.

दुसरा टप्पा ऑक्सिडायझर: ३१६ एलचा बबल कॉलम (खालून हवेचे बुडबुडे सोडायचा उभा रिॲक्टर), ६०–८० अंश, ३ ते १० बार, अ‍ॅसिडमध्ये विरघळलेलं मँगनीज अ‍ॅसिटेट. धोका इथे आहे. विक्रिया पेरॲसिटिक अ‍ॅसिडमधून जाते. मँगनीज ते लगेच मोडतं, म्हणून ते साचत नाही. मँगनीज कमी पडलं किंवा कॉलम थंड असताना फीड सोडलं, तर पेरॲसिटिक अ‍ॅसिड साचतं आणि तापमान वर जाताच एकदम फुटतं. म्हणून सुरू करताना क्रम मोडू नका: कॉलममध्ये अ‍ॅसिड, त्यात मँगनीज, गरम करून ६० अंश, नायट्रोजन, मग हवा अगदी थोडी, आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड सर्वांत शेवटी. तापमान चढत नसेल तर फीड वाढवायचं नाही, बंद करायचं. चढत नाही याचा अर्थ विक्रिया होत नाही आणि माल साचतोय. कॉलमच्या माथ्यावर नायट्रोजन सोडून व्हेंटमधला ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या खाली ठेवा आणि ऑक्सिजन ॲनालायझर इंटरलॉकला (आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणेला) जोडा, नुसता पॅनेलवर दाखवायला नको.

उष्णता मोलला सुमारे २९४ किलोज्यूल, म्हणजे टन अ‍ॅसिडला ४.९ गिगाज्यूल. इतक्या कमी तापमानाला तिची वाफ होत नाही, सगळी कूलिंग टॉवरवर जाते. जानेवारीत सुरळीत चाललेला कॉलम मेमध्ये दमट हवेत टॉवरचं पाणी गरम झालं की अडतो. एक्सचेंजरचं क्षेत्रफळ मे महिन्याच्या पाण्यावर काढा, कन्सल्टंटने वार्षिक सरासरी धरली असेल तर परत पाठवा.

भावाचा मुद्दा वेगळाच. अल्कोहोल आता पेट्रोलमध्ये जातं, त्यामुळे तेल कंपन्या देतात त्या दरावर सगळा बाजार हलतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आणले, नंतर ते सैल केले. अशा वळणांवर कारखान्यांचे करार धाब्यावर बसतात. राज्य उत्पादन शुल्काचे परवाने, कोटा, गळतीचा हिशेब हे काम वेगळंच, त्यासाठी स्वतंत्र माणूस धरा.

विकतच घेत असाल तर

टीटीसीतल्या बहुतेक एस्टर आणि इंटरमीडिएट बनवणाऱ्यांना हेच सोयीचं. मग काय तपासायचं? मिथेनॉलवरच्या मालात प्रोपिऑनिक अ‍ॅसिड आणि आयोडाइड, अल्कोहोलवरच्या मालात फॉर्मिक अ‍ॅसिड आणि अल्डिहाइड. पॅलॅडियमचा कॅटॅलिस्ट वापरत असाल तर आयोडाइडचा आकडा लेखी मागा, तो अब्जातल्या भागांत हवा. एथिल अ‍ॅसिटेटवाल्याला त्याचं फारसं पडलेलं नसतं. परमँगनेटचा रंग किती वेळ टिकतो (अशुद्धी असेल तर तो लवकर जातो) ही चाचणी स्वस्त आहे, प्रत्येक टँकरला करा.

पाणी गोठणबिंदूवरून कळतं. शुद्ध अ‍ॅसिड १६.६ अंशांना गोठतं, ९९ टक्क्यांचं साधारण १४.८ ला, ९८ टक्क्यांचं १३ च्या जरा वर. जानेवारीत तळोज्यात पहाटे ड्रम अर्धवट गोठलेला सापडतो. तेव्हा वरच्या द्रवाचा नमुना घेतला तर पाणी आणि मळ सगळा त्यातच आलेला असतो, आणि चांगला माल नापास होतो. पूर्ण वितळवून, ढवळून मगच नमुना घ्या. बूच सैल करून ३०–३५ अंशांच्या पाण्यात ड्रम ठेवा. थेट वाफ नको: फ्लॅश पॉइंट ४० अंशांच्या जवळ आहे, आणि अ‍ॅसिड वितळताना फुगतं. टँकच्या व्हेंटवर ट्रेसिंग (नळी गरम ठेवायची सोय) हवंच. व्हेंट गोठला आणि पंप चालू राहिला की टँक आत ओढला जातो.

टँक ३१६ एलचा, गॅस्केट टेफ्लॉनची. हायड्रोटेस्ट (टँक पाण्याने भरून करायची चाचणी) बोअरच्या पाण्याने करू नका. खाडीलगतच्या बोअरमध्ये क्लोराइड असतं, आणि ते थेंबभर उरलं तरी वेल्डजवळ टाचणीएवढी भोकं पडतात.

धुण्याचं पाणी गटारात सोडण्याआधी एक आकडा पाहा: एक किलो अ‍ॅसिड म्हणजे १.०७ किलो सीओडी (पाण्यातला मळ मोडायला लागणारा ऑक्सिजन). एक टक्का अ‍ॅसिडचं पाणी लिटरला सुमारे १०,७०० मिलिग्रॅमवर जातं, आणि सामायिक सांडपाणी केंद्र ते घेणार नाही. सुरुवातीचं धुणं वेगळं साठवून एस्टरिफिकेशनला परत द्या. चुन्याने उदासीन केलं तर पीएच सुधारतो, सीओडी तसाच राहतो.