आरमध्ये ‘ही रो आहे का?’ विचारताना

आर या आकडेवारीच्या प्रोग्रामिंग भाषेत, एम नावाच्या मॅट्रिक्समध्ये (आडव्या-उभ्या तक्त्यात) "क" नावाची रो (आडवी ओळ) आहे का, हे बघायला "क" %इन% रोनेम्स(एम) एवढंच पुरतं. रोनेम्स सगळ्या रोंची नावं देतं, %इन% त्यात हवं ते नाव शोधतं. उत्तर ट्रू किंवा फॉल्स. रोनेम्सऐवजी नुसतं नेम्स लिहिलंत तर मॅट्रिक्सवर ते बहुधा नल, म्हणजे ‘काहीच नाही’, देतं. ग्रेपल, म्हणजे मजकुराचा तुकडा जुळतो का बघणारं फंक्शन, तर या कामाला नकोच. "ए१" विचारलं की "ए१०" बघूनही होकार देतं.

इथपर्यंत सोपं आहे. मला छळलं ते पुढच्या गोष्टीने, म्हणून जरा सविस्तर सांगते. तुम्ही एखादी अट लावून मॅट्रिक्स गाळता आणि नेमकी एकच रो उरते. आर तिला मॅट्रिक्स ठेवतच नाही, तिचा साधा व्हेक्टर (मूल्यांची एकेरी यादी) करून टाकतं. त्यावर उरतात ती कॉलमची नावं. रोचं नाव गेलं. आता रोनेम्स नल देतं, आणि नलमध्ये काहीही शोधा, %इन% फॉल्सच म्हणणार. एरर नाही, वॉर्निंग नाही. समोर असलेली रो ‘नाही’ ठरते! दोन रो उरल्या असत्या तर सगळं बरोबर चाललं असतं, म्हणून चाचणीत हे सापडत नाही. मॅट्रिक्सला कॉलमच एक असेल तर कितीही रो उरल्या तरी हीच गत.

उपाय छोटा आहे: एम[अट, , ड्रॉप = फॉल्स]. मग एकच रो उरली तरी मॅट्रिक्स मॅट्रिक्सच राहते. दोन स्वल्पविराम, विसरू नका. शिवाय तपासणीआधी स्टॉपइफनॉट(इझ.मॅट्रिक्स(एम)) टाका, म्हणजे एम मॅट्रिक्स नसेल तर कोड तिथेच एरर देऊन थांबेल. हे अंगवळणी पडायला फार वेळ लागत नाही, खरंच.

‘थेट एम["क", ] काढ, नसेल तर ट्रायकॅचमध्ये एरर पकड’ असं सांगणारे सीनिअर भेटतील. ऐकू नका. मॅट्रिक्स ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ बाउंड्स’ म्हणून ओरडते खरी, पण उद्या तिथे डेटा फ्रेम (आरमधला दुसऱ्या प्रकारचा तक्ता) आली की ती गुपचूप एनए (‘माहिती नाही’) भरलेली रो हातात ठेवते. त्याहून वाईट म्हणजे नाव अर्धवट जुळलं आणि तसं एकच असलं, तर तीच रो देऊन मोकळी होते. %इन% दोन्हीकडे पूर्ण नावच बघतं.

एक राहिलं. मॅट्रिक्सला एकाच नावाच्या दोन रो चालतात, आणि एम["क", ] त्यातली पहिलीच देतं. शंका असेल तर सम(रोनेम्स(एम) == "क") करून मोजा.